चहाआधीची प्रार्थना

पुढच्या खोलीचं दार लागलं की दत्तोबाचं कामातलं लक्ष उडायचं. रोज सकाळी तेच. तुंगार्लीच्या त्या बंगल्यात बाईंचा चहा घेऊन त्याची बायको अंबूबाई आत जायची, दार ओढून घ्यायची, आणि चहाचं पार पाणी होईपर्यंत बाहेर यायची नाही. आत दोघींची कुजबुज चालायची. दत्तोबा बाहेर जास्वंदीला पाणी घालायचा, पण कान सगळा दाराकडे. नुसता चहा द्यायला एवढा वेळ लागतो होय?

बाई म्हणजे एस्तेरबाई साळवे. मूळच्या नगरकडच्या, सगळा जन्म दवाखान्यात मेट्रन म्हणून गेलेला, आणि निवृत्तीनंतर इथं येऊन राहिलेल्या. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय त्या घोटभर चहासुद्धा तोंडात घालत नसत. त्याबद्दल दत्तोबाचं काहीच म्हणणं नव्हतं. ज्याचा देव त्याच्यापाशी. पगार वेळेवर होता, राहायला मागची खोली होती, बागेचं आणि गेटचं काम त्याच्याकडे, स्वयंपाकपाणी अंबूबाईकडे. पण त्या दाराआड अंबूबाईचं काय काम? विचारलं तर म्हणायची, "बाई देवाचं म्हंत्यात, मी बसते. बसलं म्हनून काय झिजतंय?" आणि पदर खोचून ओट्याकडे वळायची. ही बाई कधी अशी गुळमुळीत बोलायची नाही, हे दत्तोबाला पक्कं ठाऊक होतं.

त्यात टाकव्याहून चुलतभाऊ बजरंग इंद्रायणी तांदूळ द्यायला आला. आला तो नेमका दार लागलेलं असताना.

"भाऊ, वैनी बाटली का काय?" त्यानं तोंड वाकडं करून विचारलं.

"कायतरी बोलू नगं. प्रार्थनेला बसती नुसती."

"मग दार कशाला लावत्यात?"

दत्तोबानं तांदळाचं पोतं उचलून आत नेलं. बजरंग गेल्यावर त्यानं अंबूबाईची पेटी उघडून सगळी चाचपली. लुगडी, नातवाची झबली, जुनी पोत. कोनाड्यात खंडोबाचा टाक होता तिथंच होता, त्यावर ताजी हळद होती, फूलही त्याच सकाळचं होतं. दुसऱ्या एखाद्याला बरं वाटलं असतं. दत्तोबाला वाटलं, ही आपल्याला दाखवायला वाहिलेली हळद आहे. संशयाचं असंच असतं, त्याला काहीही खायला घाला, तो पोसतोच.

आणि खरं सांगायचं तर या संशयाला दत्तोबाचंच एक लपवलेलं कारण होतं. गेल्या पावसाळ्यापासून त्याची नजर मंदावली होती. समोरचं सगळं चुलीच्या धुरातून बघितल्यासारखं दिसे. गेटवर आलेला माणूस तो बोलण्यावरून ओळखायचा आणि गाडी हॉर्नवरून. पायवाटेच्या कडेचे दगड त्यानं चुन्यानं रंगवून काढले होते, ते तेवढे पांढरे कळावेत म्हणून. बाईंनी त्याच्या टापटिपीचं कौतुक केलं आणि त्यानं ते मान खाली घालून घेतलं. आंधळा राखणदार कोण ठेवील? नोकरी गेली की खोली गेली. मग सुदुंबऱ्याला पोराच्या दीड खोलीत भिंतीला टेकून बसायचं आणि सुनेनं ताट पुढं सरकवायचं. म्हणून त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, अंबूबाईलासुद्धा नाही.

एकदा पाणी घालता घालता दारातून अंबूबाईचा आवाज आला. "त्यांना कळता कामा नये, बाई."

दत्तोबाच्या हातातली नळी तशीच राहिली. काय कळता कामा नये?

पुढच्याच रविवारी बाईंचा भाचा सत्यम पुण्याहून आला. हा पोरगा बागेत उगाच रेंगाळला, दत्तोबाच्या अगदी तोंडासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, त्या चिकूवर फळं किती आहेत हो?"

झाड ज्या अंगाला होतं तिकडे दत्तोबानं तोंड केलं. "लय हायेत."

"साधारण किती?"

"पानात दडलेली फळं मोजायची आसत्यात व्हय?"

सत्यम हसला, आत गेला, आणि मावशीशी हळू आवाजात बोलत बसला. दत्तोबाला मग सगळं लख्ख कळलं, निदान त्याला तसं वाटलं. आपली परीक्षा घेतली. नवा माणूस बघून ठेवलाय. म्हणजे डोळ्यांचं बाईंपर्यंत पोचलंय, आणि पोचवणारी दुसरी कोण असणार? बाटली असती तर एक वेळ परवडली असती. ही तर देवापुढं बसून नवऱ्याच्या पोटावर पाय देत होती. त्याला इतका राग आला की जेवणावरून तो तसाच उठला.

दुसऱ्या दिवशी दार लागलं तसा त्यानं नळ बंद केला. कुणी पाहिलं तर सांगायला हातात कात्री घेतली आणि भिंत चाचपत खिडकीखाली जाऊन बसला.

आत बाईंची प्रार्थना चालली होती. आजाऱ्यांसाठी झालं, प्रवासाला निघालेल्यांसाठी झालं. मग बाई म्हणाल्या, "अंबूबाई, आज तुम्ही मागा."

"देवा, आमच्या घरातल्यांना..." अंबूबाई म्हणाली आणि अडली.

तिनं जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही पदर तोंडावर धरून. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की ती भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट दाखवायची आणि दुकानदार हसून लिहून घ्यायचा.

"नाव नाही घेतलं तरी चालतं," बाई म्हणाल्या. "त्याला कळतं."

"न्हाई बाई. आमचा खंडोबा आमास्नी वळखतो, त्याला सांगावं लागत न्हाई. ह्यो तुमचा देव. ह्याच्याकडं मानसं लय. ह्यानं दुसऱ्याच कुनाला गुन दिला म्हंजे?"

आत बांगड्या किणकिणल्या, तिनं पदर सारखा केला असावा.

"देवा, दत्तोबा नाव हाय त्यांचं," अंबूबाईचा आवाज आला. "टाकव्याचे दत्तोबा."

खिडकीखाली दत्तोबानं कात्री हळूच मातीत ठेवली. गावानं, पोरानं, बाईंनी हजार वेळा घेतलेलं ते नाव, पण तिच्या तोंडून ऐकताना त्याला कुणीतरी अंगावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

"त्यांना दिसत न्हाई," ती सांगत होती. "निम्मं पानी फरशीवर जातंय, मी मागनं पुसून काढते. मला ठावं हाय ते त्यांना कळता कामा नये, लय मानी मानूस हाय. सत्यमदादा डोळ्यांचे डागदर, ते म्हंत्यात मोतीबिंदू हाय, काढला की दिसंल. पर हे यायचे न्हाईत. नोकरी जाईल म्हनून भेत्यात. बाई म्हंत्यात, नोकरी कुटं जात न्हाई. आमी सांगून त्यांना पटायचं न्हाई, देवा. तूच एवढं त्यांच्या मनात घाल."

"आमेन," बाई म्हणाल्या.

दत्तोबा उठला. आदल्या दिवशी टाकून दिलेलं ताट त्याला आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. पांढऱ्या दगडांच्या कडेकडेनं तो दाराशी आला, चपला काढल्या आणि दार लोटलं. आत दोन धुरकट आकृत्या दचकून वळल्या. त्यातल्या एकीनं झटकन पदर डोक्यावर घेतला, तेव्हा अंबूबाई कुठली ते त्याला कळलं.

"बाई," तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "काल सत्यमदादांनी चिकू इचारलं. फळं सोडा, मला ते झाडच दिसत न्हाई."