शिवदास खरातांचं पान

सुलक्षणाबाई परब मुलुंडच्या एका शाळेत ग्रंथपाल होत्या आणि फावल्या वेळात इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशाची झाडलोट करायच्या. झाडलोट हा त्यांचाच शब्द. कुणी आपल्या आजोबांवर नाहीतर गल्लीतल्या पुढाऱ्यावर पान टाकलं, की बाई पदर खोचून हजर. "स्वतंत्र पुरावा नाही, पान काढावं," एवढं त्या लिहायच्या. मग सात दिवस चर्चा चालायची आणि शेवटी अनिरुद्ध नावाचा व्यवस्थापक निकाल द्यायचा. बाईंचा शब्द आजवर फारसा खाली पडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा माज होता.

'शिवदास खरात, जॅझ सॅक्सोफोनवादक, भांडुप' हे पान त्यांनी असंच चर्चेला लावलं. पान लिहिणारी चेतना त्या वादकाची मुलगीच निघाली, म्हणजे संशयाला आणखी जागा. तिनं पहिल्याच दिवशी दोन पुरावे जोडले होते: सत्तरच्या दशकातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांची सात कात्रणं, आणि भांडुपच्या एका बुद्धविहाराची १९७९ सालची जयंती स्मरणिका. स्मरणिका बाईंनी उघडलीसुद्धा नाही. अशा स्मरणिका शाळेत दरवर्षी यायच्या, पानोपानी जाहिराती आणि शुभेच्छुकांचे फोटो. बाई त्या न चाळताच रद्दीत घालायच्या. इथंही त्यांनी लिहून टाकलं, "जयंतीची स्मरणिका पुरावा म्हणून चालत नाही."

कात्रणं मात्र झकास होती. अंधेरीच्या एका हॉटेलात दर शनिवारी लोक या वादकासाठी उभं राहायला तयार असत, परदेशातून आलेले बँड त्याला सोबत घेत. फक्त सातही कात्रणांत नाव होतं सिडनी. फोटोतला माणूस तोच, पण खरातांचा कुठं पत्ता नाही. शेवटी चर्चेतल्या मंडळींनी तोडगा काढला, की वादक मोठा आहे, पान ठेवू, पण मथळा 'सिडनी' देऊ, कारण छापलेलं नाव तेच. नियमाला धरून होतं. बाईंनीही होकार दिला.

सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, चेतनानं त्यांचा नंबर मिळवून फोन केला.

"मॅडम, बाबा म्हणतात सिडनी नको. त्यापेक्षा पान काढूनच टाका."

"अगं, पण ते ठेवायचं ठरतंय!"

"मग तुम्हीच या ना समजवायला. माझं तर ऐकतच नाहीत."

बाई रिक्षा करून भांडुपला गेल्या. ब्याऐंशी वर्षांचे शिवदास खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. आवाज बारीक झाला होता, पण शब्द पक्के.

"बसा बाई. त्या हॉटेलच्या मॅनेजरनं सांगितलं होतं, बोर्डावर शिवदास खरात लिहिलं तर गिऱ्हाईक आत येणार नाही. उद्यापासून तू सिडनी. मी म्हटलं, बरं. बावीस वर्षं बरं म्हटलं. टाळ्या पडायच्या त्या सिडनीला."

"पण काका, आमचा नियम…"

"नियम असंल तुमचा. उद्या माझ्या नातवंडांनी शोधलं, तर त्यांना तिथं सिडनी सापडंल. आजा नाही सापडायचा. मग कशाला ठेवायचं ते पान?"

चेतनानं चहा आणला आणि कपाशेजारी ती स्मरणिका ठेवली. "ही तुम्ही बघितलीच नसेल ना?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच बाईंना जास्त लागलं.

त्यांनी पानं उलटली. चष्म्याचं दुकान, शिलाई मशीन, वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि मग तीन पानी लेख, कॉलेजात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांचा. 'हॉटेलात सिडनी म्हणून ज्यांचं कौतुक होतं, ते आपले शिवदास खरात.' पुढं साल-तारखेसकट कार्यक्रमांची यादी, आणि एक साधं वाक्य, की दर चौदा एप्रिलला वस्तीच्या मिरवणुकीत हाच सॅक्सोफोन सगळ्यांच्या पुढं असतो. बाईंनी फोनवर कात्रणं उघडली. तारखेला तारीख जुळत होती.

बाईंना लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. जे नाव बोर्डावर चाललं नाही, ते छापायला एवढी एकच जागा होती, आणि ती त्यांनी न उघडता बाद केली होती. शाळेच्या रद्दीत अशी आणखी किती माणसं गेली असतील, कोण जाणे.

त्यांनी तिथंच बसून चर्चेत लिहिलं, "स्मरणिका मी न वाचता नाकारली, चूक माझी. लेखक नात्यातले नाहीत, तारखा कात्रणांशी जुळतात. पान ठेवावं, मथळा शिवदास खरात." दोन मिनिटांत अनिरुद्धचा खाजगी निरोप आला: "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

सोमवारी निकाल लागला. शाळा सुटल्यावर बाई पुन्हा भांडुपला गेल्या आणि त्यांनी स्वतः पान वाचून दाखवलं.

"शिवदास खरात हे भांडुपचे जॅझ सॅक्सोफोनवादक आहेत."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि मग विचारलं, "आणि तो सिडनी?"

"दुसऱ्या ओळीत आहे, काका. मथळ्यात नाही. नको असेल तर काढता येतं का बघते."

शिवदासांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"राहू द्या त्याला. बावीस वर्षं माझ्या पोरांना त्यानंच जेवू घातलं."