सातमाश्याचे डोळे

पंचावन्न सालची गोष्ट. कोलशेतच्या सखुबाईचा नातू सातव्या महिन्यातच जगात आला. "मेल्याला दम कसला तो नायच, आज्यावर गेलाय!" असं म्हणत तिने अख्ख्या मिठागरात साखर वाटली. पण पोर एवढंसं, ओंजळीत मावेल असं. त्याला ठाण्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं आणि नळीतून प्राणवायू सुरू केला.

प्राणवायू सखुबाईला फार पटला. पटेना ते मंदाकिनी डॉक्टरणीचं वागणं. बाई यायची, पोर गुलाबी दिसलं की तोटी बारीक करून जायची. हवा देतानाही हात आखडता! काय म्हणावं या शिकलेल्या बायकांना? एका दुपारी सून लक्ष्मीचा डोळा लागला, नर्स चहाला गेली आणि सखुबाईने तोटी पुरती सोडली.

"घे रं माज्या वाघा, पोटभर घे."

थोड्या वेळाने मंदाकिनीबाई आल्या, त्यांनी आधी तोटी बारीक केली आणि मग दवाखाना डोक्यावर घेतला.

"आजी, मिठाच्या वाफ्यात पाणी किती सोडता हो?"

"लागंल तेवढंच. जास्ती झालं तर मीठ कसं धरंल?"

"मग! सातमाश्या पोरांचे डोळे अजून आतून तयार व्हायचे असतात. वायू जास्त झाला की आतला पडदा बिघडतो. परदेशात कितीतरी मुलं आंधळी झाली, तेव्हा कुठे आत्ता हे उमगलंय."

सखुबाईने डॉक्टरणीचा हात धरला. "इलाज हाय ना गं बाय?"

"एकदा डोळे बिघडले तर इलाज नाही. एवढ्याशाने बहुतेक काही होणार नाही म्हणा. पण खात्री, तो कशावर तरी नजर ठरवेल तेव्हाच."

त्या दिवसापासून सखुबाईने तोटीकडे हात नेला नाही. पोर घरी आलं. तिने पाळण्यावर रंगीत कापडी चिमण्यांचं चिमणाळं टांगलं आणि दिवसभर हलवत बसली. पोर आपलं आढ्याकडे बघायचं. "सातमाशा हाय, उशिराच बघंल तो," लक्ष्मी समजवायची. सखुबाई चिमणाळं आणखी जोरात हलवायची.

काही महिन्यांनी पोर चांगलं सावरल्यावर बारसं केलं. सखुबाई ठेवणीतली नथ घालून उभी. मंदाकिनीबाईही आल्या. चिमणाळं हललं, पोर ढिम्म. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

सखुबाईला रडू कोसळलं. "माज्या हातानं केलं रं, माज्या सोन्या," म्हणत ती पाळण्यावर वाकली. नथीचे मोती त्याच्या अगदी तोंडाजवळ हलले. पोराची नजर थबकली. मोती इकडे, नजर इकडे. मोती तिकडे, नजर तिकडे. मग इवलीशी मूठ वर आली आणि पोराने नथ धरून अशी ओढली की ज्याचं नाव ते!

"अगं आई गं!"

लक्ष्मी मूठ सोडवायला धावली.

"हात लावशील तर बघ!" सखुबाई ओरडली. "दिसली त्याला! माजी नथ दिसली त्याला!"

मंदाकिनीबाई डोळे पुसत हसत होत्या. "आजी, पुरे आता. नाक तुटेल."

"तुटू दे गं बाय," वाकलेली सखुबाई म्हणाली. "आज तरी हात आखडता घेऊ नको."