दिवसाचे दिवे

आपण इतरांना दिसावं म्हणून माणसाने दिवा लावला, त्या क्षणी संस्कृती सुरू झाली. आमच्या घरात तो क्षण एका मंगळवारी सकाळी साडेअकराला, नागपूरजवळच्या वाडीला, ट्रकांचं वायरिंग करणाऱ्या पियुषच्या दुकानासमोर आला. त्या वेळी संस्कृतीचा बंपर काढून जमिनीवर ठेवलेला होता.

बंपर माझ्या सासऱ्यांच्या गाडीचा. आनंदराव त्यांचं नाव. मी मामाजी म्हणतो. गाडी दोन हजार पाच सालची, राखाडी. दोन महिन्यांत तिला तीनदा खरचटलं होतं. एकदा भाजीच्या हातगाडीने, एकदा शाळेच्या व्हॅनने आणि एकदा आमच्याच फाटकाने. मामाजींचं म्हणणं असं की शहरातले रस्ते सिमेंटचे झाले, गाडीही सिमेंटच्या रंगाची, त्यामुळे ती लोकांना दिसतच नाही. फाटकाबद्दल त्यांनी मत दिलं नाही.

दामिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, मिहानमधल्या ऑफिसातून थकून आल्यावर एका वाक्यात विषय मिटवायचा प्रयत्न केला. "बाबा, एक तर डोळे दाखवून या, नाहीतर किल्ली देऊन द्या."

"डोळ्याले काय झालं? रोज पेपर वाचतो मी."

ते खरं होतं. सकाळी सहाला हातात घेतलेला पेपर दुपारी बारालाही हातातच असायचा.

गाडी गेली असती तर मामाजींचा गुरुवार गेला असता. खाप्याला त्यांची थोरली बहीण तुळसाबाई एकटी राहते. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. भावाने समोर जाऊन बसायचं, तिने वाढायचं, त्याने जेवायचं, एवढाच त्यांचा संवाद. अकरा वर्षांत एक गुरुवार चुकला, तर ती शेजाऱ्याला घेऊन नागपूरला पाहायला आली होती.

तडजोड मामाजींनीच काढली. नव्या गाड्यांना पुढे पांढऱ्या पट्ट्या असतात, दिवसाही जळणाऱ्या. तशा आपल्या गाडीला लावायच्या. दामिनीने अट घातली की पहिल्या गुरुवारी मी शेजारी बसून खाप्याला जायचं आणि परत येऊन खरं काय ते सांगायचं. मी लगेच हो म्हणालो. सासऱ्यांच्या डोळ्यांविषयी बोलण्यापेक्षा त्यांच्या दिव्यांविषयी बोलणं मला फार सोपं होतं.

पियुषने हेडलाइटच्या खाली पट्ट्या बसवल्या, वीस वर्षांच्या वायरी बघून दोनदा मान हलवली, एक रिले आणि एक फ्यूज टाकला. किल्ली फिरवली की दिवे लागणार, बंद केली की विझणार. काकांनी काही लक्षात ठेवायचं नाही, असं तो म्हणाला. मामाजी गाडीसमोर दहा पावलं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, छान दिसते. सूर्य डोक्यावर होता.

गुरुवारी निघालो. आता एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे कोणी कोणाला साइड देत नाही. पण भरदिवसा कुणाचा दिवा चालू दिसला की सगळं गाव त्याचं नातेवाईक होतं. हात वर करायचा, पाची बोटं मिटायची आणि उघडायची: दिवा राहून गेला, बंद करा. नव्या गाडीला कोणी असा हात करत नाही. त्या दिव्यांची लोकांना सवय झाली आहे. वीस वर्षांच्या गाडीला दिवसा दिवे म्हणजे मात्र म्हाताऱ्याचा विसरभोळेपणा.

पहिला हात दूधवाल्याने केला. मग स्कूटीवरच्या बाईने, गाडी सावरत. मग चौकातल्या पोलिसाने, शिट्टी तोंडात ठेवून. एका ट्रक ड्रायव्हरने तर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन. मामाजी साधारणपणे सौजन्याचे पुतळे. ओळख नसली तरी नमस्कार करतात. आज त्यांनी कुणालाही उत्तर दिलं नाही. सावनेर मागे पडलं तेव्हा समाधानाने म्हणाले, "पाहा जवाईबापू, लोकं कसे चुपचाप जाऊन राहिले."

मी घरी जाऊन काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत होतो. प्रत्येक वाक्यात दिव्यांची स्तुती होती आणि प्रत्येक वाक्य खरं होतं. दिवे सगळ्यांना दिसत होते.

खापा चार किलोमीटर राहिलं असताना समोरून एक मोपेड आली. वर रामाजी, मामाजींचे शाळेपासूनचे मित्र, दामिनीच्या लग्नात माझ्या पाठीशी अक्षता घेऊन उभे असलेले. त्यांनी हात वर केला, बोटं मिटली, उघडली, मग ओळखीचं हसले आणि अगदी जवळून गेले. मामाजी सरळ समोर पाहत होते.

"मामाजी, रामाजी गेले."

"कुठी?"

"आत्ता. तुमच्या बाजूनं. हात केला त्यांनी."

थोडं पुढे त्यांनी गाडी बाजूला घेतली, बाभळीच्या सावलीत. इंजिन चालू ठेवलं, म्हणून दिवेही चालू राहिले. बराच वेळ ते स्टिअरिंगवरचा हात पाहत होते, कारण तेवढ्या अंतरावरचं त्यांना दिसत असावं.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "डॉक्टर पाहीन, लिहून देईन, दामिनी किल्ली घेईन. मंग तुळसाले कोण सांगन?"

"आणि हे दिवे?"

"मले दिसो न दिसो, लोकांले तर मी दिसतो ना. ते वाचवतात."

देशातली निम्मी माणसं याच तत्त्वावर सुखरूप घरी पोचतात.

किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही. ती तशीच ठेवून उतरले, बॉनेटला हात लावत फिरून आले आणि मी सरकण्याची वाट पाहत डाव्या दाराशी उभे राहिले. पुढचे चार किलोमीटर गाडी मी चालवली. तिघांनी हात केला, तिघांनाही मी उत्तर दिलं. तुळसाबाईने वांग्याची भाजी वाढली. मामाजी नेहमीपेक्षा हळू जेवले.

घरी दामिनीने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत मामाजींनीच सांगितलं. ती किल्ली मागायची विसरली. शनिवारी आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, साधा. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यावर महिन्याने गाडी चालवायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनला अठरा मिनिटं लागली.