शिकाऊ हातांचा साप

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. मी साप, जात कॉपरहेड, अंगावर वाळलेल्या पानांचा रंग आणि दातांत विष. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावाजवळच्या एका सर्पकेंद्रात काचेच्या पेटीत माझी एकवीस वर्षं गेली.

इथल्या प्रमुख मालिनीमावशी. विषारी सापांचं काम शिकायला जो कोणी येई, त्याच्या हाती त्या पहिल्यांदा मलाच देत. माझं विष सहसा जिवावर बेतत नाही आणि मी फारशी पळापळही करत नाही, म्हणून. लोखंडी आकडीवर मला उचलायचं, डब्यात ठेवायचं, पेटी साफ करायची, पुन्हा उचलायचं. असे कितीतरी शिकाऊ हात मी सोसले. फोटो मात्र सगळे शेजारच्या पेटीतल्या नागाचे काढत.

मागच्या वर्षी अनिका आली. इथे अमेरिकेतच जन्मलेली, नुकतंच कॉलेज संपवलेली मुलगी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मावशी, मला कोब्रा हँडल करायचाय. हा तर नुसता पडून असतो. सो बोअरिंग."

"म्हणूनच हा तुझा," मावशी म्हणाल्या. "एक वर्ष याच्यासोबत काढ, मग नागाचं बघू."

"एक वर्ष? दॅट्स टू लाँग."

"नाग चूक माफ करत नाही गं."

आठव्या महिन्यात ती चूक झाली. मी कात टाकायला आलो होतो. अशा दिवसांत डोळ्यांवर दुधी पडदा येतो, नीट दिसत नाही, जीव घाबरा होतो. पेटीवर तशी चिठ्ठी लावलेली होती. अनिकाने ती वाचली नाही. पलीकडे नागाला खाऊ घालत होते आणि तिला ते बघायची घाई होती. आकडी न घेताच तिने पाण्याचं भांडं उचलायला हात आत घातला. मला अचानक ऊब जाणवली आणि मी चावलो.

तिचा हात कोपरापर्यंत सुजला. चार दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. दीड महिन्याने परतली तेव्हा तिचं एक बोट नीट वाकत नव्हतं. माझ्या पेटीसमोर ती बराच वेळ उभी राहिली.

"मावशी, तिथे कोब्रा असता तर?"

मावशींनी तिच्या न वाकणाऱ्या बोटाकडे पाहिलं.

"मला अजून एक वर्ष हाच द्या."

"नको. तुला दुसरा कॉपरहेड देते. हा दमलाय. याला मागच्या निवांत खोलीत ने, आता याच्यावर कोणी शिकणार नाही."

अनिकाने आधी पेटीवर चिठ्ठी आहे का ते पाहिलं, मग आकडी घेतली. इतक्या सावकाश मला कोणी उचललं नव्हतं. मी शेपटीसुद्धा हलवली नाही.

मित्रांनो, कुठला साप देखणा आहे हे जरूर बघा. पण सांभाळायला घेण्याआधी आपला हात किती शिकलाय तेही बघा. घाई माणसाची असते, दोष मात्र सापाला लागतो. आणि शिकवून शिकवून थकलेल्या जिवाला थोडी शांतता द्या. मला ती मिळाली आहे. जरा उशिरा मिळाली, एवढंच.