बाळाच्या खोलीची खुंटी

"खाणं कुंपणाबाहेर," मी म्हणाले. "पोटुशी असलीस तरी सूट नाही."

माझी नात आन्हेरा गरम पॅटिस घेऊन थेट आत निघाली होती. जिथे पूर्वज निजलेले असू शकतात तिथे तोंड चालवायचं नाही, हे आम्हा माओरींत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण घराच्या घाईत विसरली. पॅटिस गाडीच्या टपावर ठेवून कुंपणाला टेकली.

तिचं घर म्हणजे अजून जमिनीत रोवलेल्या आखणीच्या नुसत्या लाल खुंट्या. तोवर ती, नवरा आणि दोन पोरं माझ्या गॅरेजात. भिंतींना ओल, पोरांना खोकला. तिसरं हिवाळ्यात यायचं.

घरं बांधण्याआधी माती उकरतात, तेव्हा आमच्या जमातीचं एक माणूस उभं राहून बघतं. ते मी. शाळेने मला लवकर सोडलं, मी शाळेला त्याहून लवकर. पण उभं राहून बघायला शाळा लागत नाही.

जेसीबीवर माझा भाचा विरेमू. "मावशी, आज काही दिसू देऊ नकोस हं."

"तू माती खरवड. तोंड नको."

आधी शिंपले निघाले. जुन्यांचं खरकटं ते. नोंद केली की काम पुढे सरकतं. नोंद घेणारी पुरातत्त्ववाली रूथ पलीकडे पाठमोरी होती. शिंपल्यांखाली मला काही पिवळट, गोल दिसलं. जेसीबीची बकेट परत खाली येऊ लागली. आन्हेरा कुंपणातून बघत होती.

मी हात वर केला.

रूथ ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसली.

"कुत्रं असेल," मी म्हणाले. "जुने लोक खायचे कुत्री."

तिचा ब्रश चालत राहिला. मी मनात कुत्रंच मागत होते. मग छातीशी दुमडलेले गुडघे दिसले. एवढेसे.

"मूल आहे," रूथ म्हणाली. "काम थांबवावं लागेल."

विरेमूने इंजिन बंद केलं. मी खांद्यावरची शाल काढून त्या मुलावर पांघरली, त्याला म्हणाले, "भिऊ नकोस. घरचीच माणसं आहोत."

पोटुशीने अशा जागी येऊ नये. आन्हेरा आली, मी हटकलं नाही.

"आजी, आता कधी?"

"माहीत नाही."

"इथे होईल तरी का?"

मी शालीचं टोक सारखं केलं.

तिथे बाळाची खोली व्हायची होती. कोपऱ्याची खुंटी शालीला लागूनच उभी होती. आन्हेरा पोट सांभाळत वाकली आणि शालीवर माती पडू न देता तिने ती हळूहळू उपटली.

मृतांच्या जागेतून निघताना धुतात तसे फाटकापाशी बादलीतल्या पाण्याने आम्ही हात धुतले. तिने खुंटीही धुतली.