मधल्या ओळीतली भेंडी

सकाळी तिसरं झाड घडासकट आडवं झालं, तेव्हा थोरला भाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वारा नाही, पाऊस नाही. केळ पडली कशानं? लाजून?"

धाकटा हसला नाही. पडलेल्या झाडाला धड मुळंच उरली नव्हती.

दुपारी माती तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी एक मूळ बादलीत धुतलं, चाकूनं उभं चिरलं. आत काळपट, बाहेर गाठीच गाठी. मग त्यांनी केळींच्या मधल्या भेंडीचं एक रोप उपटलं. त्याच्याही मुळांना तशाच गाठी.

"काका, डोळ्यांना न दिसणारे जंत आहेत हे. भेंडीवर पोसले आणि केळीत शिरले. आधी मधे काय असायचं?"

"झेंडू. बायको लावायची."

"झेंडू असला की हे फार वाढत नाहीत. मग यंदा भेंडी कुणी लावली?"

"पहिल्यांदा तिनंच," भाऊ मधे बोलला. "ती गेल्यावर यानं तिच्याच झाडांचं बी धरून पुन्हा लावली. मी म्हणत होतो, अरे बाबा..."

"दादा, पुरे."

भेंडीचं बी टोकताना बायको म्हणाली होती, शेंगांचे चार तोडे झाले की उपटून टाका, मग झेंडू लावू. दुसऱ्या तोड्यालाच ती गेली. तिच्या हातची रोपं उपटायला त्याचा हात धजला नाही. ती वाळली, तेव्हा शेंगा फोडून त्यानं बी ठेवलं.

"औषध काही?"

"यांची अंडी खाणारी बुरशी मिळते. शेणखतातून घालू. पण ती सावकाश काम करते, या घडांना उपयोग नाही. भेंडी मात्र आजच मुळासकट काढा. नाहीतर उभी केळही जाईल."

बाई गेल्या. भावानं सहा ओळी उपटून बांधावर टाकल्या आणि सातवीला हात घातला. ती घराजवळची. बायकोनं बी टोकायला सुरुवात केली होती ती तिथूनच.

"ही मी काढतो," धाकटा म्हणाला.

"काढशील ना?"

"काढतो म्हटलं ना. तू जा, जेवून घे."

भाऊ गेला. तो ओळीपाशी बसला, एका रोपाच्या बुडाला मूठ घातली, आणि तसाच बसून राहिला.

याला चार दिवस झाले. त्या बाजूची आणखी दोन झाडं पडली. सातवी ओळ उपटायची राहिली आहे.