तिसऱ्या लढाईची देग

मी देग बोलतेय. अस्सल तांब्याची, पोटाने मोठी, चार माणसांनी उचलावी अशी. लढायांचे निकाल तुम्ही नेहमी तलवारींना विचारता. आज जरा स्वयंपाकाच्या भांड्याचंही ऐका.

तांबटाने मला दोन महिने ठोकून ठोकून घडवलं. त्याची शेजारीण कानात बोळे घालून बसायची. मी लग्नाकार्यांत मिरवेन असं त्याला वाटत होतं, पण माझी पहिली पंगत बसण्याआधीच युद्ध पेटलं आणि मी सैन्याच्या गाड्यावर चढले.

तिथे मला मालकीण मिळाली. भटारखाना तिच्या हाती होता आणि पांढऱ्या मिशांचे सरदारसुद्धा तिला मावशी म्हणायचे. आवाज असा की घोडे दचकावेत. तिचा एकुलता एक मुलगा पायदळात होता. वशिल्याचा म्हणून कुणी हसू नये, म्हणून तो मुद्दाम सगळ्यांच्या मागून जेवायला यायचा. मावशीही हुशार! तळाचं दाट कढण ती त्याच्यासाठीच राखायची. हे गुपित फक्त मला ठाऊक होतं.

दोन राज्यांच्या मधून नदी वाहायची आणि पायी ओलांडता येईल असा उतार एकाच जागी होता. त्याच्यासाठीच सगळी भांडणं. पहिली लढाई आम्ही जिंकली. पळणाऱ्यांना गाठून गाठून कापलं, नगारे वाजवले. तीन वर्षांनी त्या मेलेल्यांचे भाऊ चालून आले. दुसरी लढाईही आम्हीच जिंकली.

त्या दिवशी मावशीचा मुलगा जेवायला आला नाही.

तिने सगळ्यांना वाढलं. हात कुठे थांबला नाही. मग मला घासायला बसली आणि घासतच राहिली, आतली कल्हई निघेपर्यंत.

चार वर्षांनी ते तिसऱ्यांदा आले. आम्हाला बेसावध गाठायचं म्हणून दोन दिवस चूल न पेटवता, उपाशीपोटी चालले होते. पाऊस तर असा की आकाश फाटलेलं. पण हेरांनी खबर आणली आणि इकडे मावशीने एका गाड्याचं छप्पर करून त्याखाली माझी चूल पेटती ठेवली. उजाडायच्या आत आमचा प्रत्येक शिपाई कढत कढण पिऊन उभा होता. ते गार पाण्यात उतरले आणि त्यांचे पायच लटपटले. दुपारपर्यंत चार हजारांनी हत्यारं टाकली.

सेनापती चिखलाने माखलेले, थेट भटारखान्यात आले.

"मावशी, धान्य किती दिवसांचं आहे?"

"आपल्याला सहा दिवस पुरेल."

"आणि कैद्यांना धरून?"

शेजारचा तरुण सरदार उसळला, "त्यांना कसलं जेवण? दोनदा हरले, तरी आलेच ना? या खेपेला एकही परत जाता कामा नये!"

मावशीने हातातला डाव खाली ठेवला. "आले ते कोण, बाळा? आपण कापलेल्यांचे भाऊ नि पोरं. हे चार हजार मारलेत तर आठ हजार येतील. तुम्ही नगारे वाजवाल आणि कुणाची तरी आई वाढून वाट बघत बसेल."

"पण मावशी, तुमचा मुलगा यांच्याच हातून..."

"म्हणूनच बोलतेय."

सेनापतींनी तलवार म्यानात घातली. मग म्हणाले, "चूल पेटवा."

"ती विझलीय कुठे?" मावशी म्हणाली.

पहिला कैदी कोवळाच होता. विष असेल या भीतीने वाडगा तोंडाला लावेना. मावशीने तो त्याच्या हातून घेतला, स्वतः घोटभर प्याली आणि परत दिला. त्याने एका दमात संपवला. मग जी रांग लागली, काय सांगू! त्या दिवशी मी अकरा वेळा भरले आणि अकरा वेळा रिकामी झाले. दुसऱ्या दिवशी निःशस्त्र करून सगळ्यांना घरी सोडलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या राजाने पुन्हा सैन्य बोलावलं. गावोगाव दवंडी पिटली. पण घराघरांतून एकच उत्तर आलं, "खाल्ल्या मिठाला जागायचं असतं." राजाकडे मोजके सरदार तेवढे उरले. शेवटी नदी ओलांडून आले ते तहाचे वकील!

काय दिवस होता तो! दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हता. तहावर शिक्के उमटले आणि आमच्या शिपायांनी मावशीला खांद्यावर घेतलं. ती वरून ओरडतेय, "खाली ठेवा मेल्यांनो, कढण उतू जातंय!" मी खरंच उतू जात होते. आनंद पोटात मावतो का कधी?

आता मावशी नाही. मी संग्रहालयाच्या कोपऱ्यात असते. शेजारी आग विझवायचं लाल नळकांडं टांगलंय. जन्मभर विस्तवावर बसलेल्या मला त्याचं हसू येतं. गर्दी असते तलवारींपाशी. पण परवा एक शिक्षिका मुलींना घेऊन माझ्यापुढे थांबल्या.

"बाई," एका मुलीने माझ्याजवळची पाटी वाचून विचारलं, "तिसऱ्या लढाईत तर सगळ्यात कमी माणसं मेली. मग हीच निर्णायक कशी?"

"कारण चौथी झालीच नाही," बाई म्हणाल्या.

माझ्या कड्या तुटल्यात, बुडाला भोक पडलंय. पण ते शब्द ऐकून मी नव्या कल्हईसारखी लखलखले. तुम्हीही कधी या. जिंकलेल्या दिवसाच्या गोष्टी तलवारी सांगतील. त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं, ते मात्र मलाच विचारा.